चंद्रावरचे पाणी: रोव्हर ते कसे शोधणार?

चंद्रावर पाणी असल्याचे पुरावे मिळाले आहेत. मात्र ध्रुवांजवळ ते नेमके किती आहे, किती खोल आहे आणि काढून वापरता येईल का, हे अजून जमिनीवर उतरून कोणी तपासलेले नाही. हे काम रोव्हरचे आहे.

पाणी आहे हे कसे कळले?

१९९८ मध्ये ‘लूनार प्रॉस्पेक्टर’ या अमेरिकी यानाला चंद्राच्या ध्रुवांजवळ हायड्रोजनचे प्रमाण जास्त आढळले. भारताच्या चांद्रयान-१ वर नासाचे एक उपकरण होते. त्याने पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा टिपल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात नासाच्या ‘एलक्रॉस’ मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळवला गेला. उडालेल्या धुरळ्याच्या मोजमापावरून तिथल्या मातीत वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी असल्याचा अंदाज निघाला.

बर्फ टिकतो कुठे?

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, चंद्राचा जेमतेम दीड अंशाने. त्यामुळे ध्रुवांवर सूर्य कायम क्षितिजालगत फिरतो आणि काही खोल विवरांच्या तळाशी कोट्यवधी वर्षे ऊन पोहोचलेलेच नाही. तिथले तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. चंद्रावर हवा नसल्याने उन्हातला बर्फ उडून जातो. सावलीतला मात्र साठून राहतो.

मग वरून का मोजता येत नाही?

अवकाशातून येणारे वैश्विक किरण चंद्राच्या मातीवर आदळले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परतते, पण तेवढ्याच गोटीवर आपटली तर तिचा वेग संपतो. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचा अणुगर्भ यांचे वस्तुमान जवळपास सारखे असल्याने तसेच घडते. म्हणून जिथून वेगवान न्यूट्रॉन कमी येतात, तिथे हायड्रोजन जास्त.

या पद्धतीच्या दोन अडचणी आहेत. कक्षेतून मिळते ती कित्येक किलोमीटर रुंद पट्ट्याची सरासरी. शिवाय उपकरणाला कळतो तो हायड्रोजन; तो बर्फातला आहे की खनिजांत अडकलेला, हे त्यातून ठरत नाही.

रोव्हर काय करतो?

नासाचा ‘वायपर’ हा सुमारे ४५० किलो वजनाचा रोव्हर खास याच कामासाठी बांधला आहे. चालता चालता त्याचा न्यूट्रॉनमापक पायाखालचा हायड्रोजन हेरतो. संशयास्पद जागा मिळाली की एक मीटर लांबीचा ड्रिल टप्प्याटप्प्याने माती वर काढतो. मग अवरक्त प्रकाश टिपणारे एक उपकरण आणि वायूंचे रेणू वस्तुमानानुसार ओळखणारे दुसरे, अशी दोन्ही उपकरणे तिच्यात पाणी आहे का ते तपासतात.

वाट सोपी नाही. रोव्हर सौरऊर्जेवर चालतो आणि बर्फ अंधारात आहे. त्यामुळे उन्हात बॅटरी भरायची, सावलीत शिरून काम उरकायचे आणि वेळेत बाहेर यायचे, असा हिशेब ठेवावा लागतो. अंधारासाठी त्याला हेडलाइट दिले आहेत. मऊ धुळीत रुतू नये म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळते.

जुलै २०२४ मध्ये रोव्हर पूर्ण जोडून झाल्यावर नासाने वाढता खर्च आणि विलंब यांमुळे मोहीम रद्द केली. तोवर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहिमेला पुन्हा जीवदान मिळाले. आता ‘ब्लू ओरिजिन’च्या लँडरमधून २०२७ च्या अखेरीस वायपरला पाठवण्याचे नियोजन आहे.

भारत कुठे आहे?

चांद्रयान-३ नेमके दक्षिण ध्रुवावर उतरले, हा गैरसमज आहे. ते ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, म्हणजे ध्रुवापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर उतरले. २६ किलोचा ‘प्रज्ञान’ तिथे सुमारे १०० मीटर चालला आणि त्याने मातीतले गंधक ओळखले. बर्फ शोधणे हे त्याचे काम नव्हते. ते काम जपानसोबतच्या चांद्रयान-५ मोहिमेचे आहे. तिला केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. लँडर इस्रोचा असेल आणि ड्रिल असलेला सुमारे ३५० किलोचा रोव्हर जपानचा.

उत्तरावर काय अवलंबून आहे?

मातीत ५ टक्के पाणी असेल तर एक टन मातीतून ५० किलो पाणी मिळू शकेल. अर्धा टक्का असेल तर फक्त ५ किलो. पाणी पिण्यासाठी आणि श्वासाच्या ऑक्सिजनसाठी लागते, तसेच त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून रॉकेटचे इंधनही बनते. चंद्रावरच्या तळाने हे सगळे पृथ्वीवरून वाहून न्यायचे की तिथेच काढायचे, हे या आकड्यावर ठरेल. तळ उभारण्याच्या योजना आजच आखल्या जात आहेत. विहीर खणण्याआधी पाणी पाहण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.