सैनिक आपला, युद्ध सरकारचे

सैनिकाची बाजू घ्यायची, पण त्याला रणात धाडणाऱ्या सरकारला जाब विचारायचा, ही भूमिका महाराष्ट्राच्या राजकारणात पहिल्या महायुद्धात पक्की झाली. तिला धार आली ती मेसोपोटेमियातील मोहिमेनंतर. बगदादवर चाल करण्याचा निर्णय लंडन आणि सिमल्यात झाला. चालून जाणाऱ्या फौजेत मात्र 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला ही चाल अडली. मागे हटलेली फौज कुत-अल-अमारा येथे कोंडली गेली आणि जवळपास पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे 13,000 सैनिक उपासमारीने शरण गेले. त्यांतले हजारो कैदेतच मेले.

या शरणागतीच्या आदल्याच दिवशी बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली होती. दोन घटनांचा थेट संबंध नव्हता, पण कुतच्या पराभवाने लीगच्या स्वराज्याच्या मागणीला जोर दिला. 1917 मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. जखमींना हलवण्याची साधने आणि औषधपाणी किती अपुरे होते, हे त्यातून उघड झाले. भारतमंत्री चेंबर्लेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या मॉन्टेग्यू यांनी 20 ऑगस्ट 1917 रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. या घोषणेमागे इतर कारणे होतीच; तरी पलटणींनी भोगलेल्या हालांचा त्यातला वाटा विसरता येत नाही.

टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून ते जून 1914 मध्ये परतले, आणि युद्ध सुरू होताच त्यांनी सरकारला साहाय्य करा असे जाहीरपणे सांगितले. मात्र ज्या देशाचे तरुण रक्त सांडतात त्या देशाला राज्यकारभारात हक्क हवा आणि लढणाऱ्या हिंदी माणसाला अधिकारपद हवे, हा त्यांचा आग्रह होता. तोवर हिंदी सैनिक कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर चढत नसे.

10 जून 1918 रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद भरवली. टिळक बोलायला उठले आणि स्वराज्याचा विषय निघताच गव्हर्नरांनी त्यांना अडवले. टिळक सभागृहाबाहेर पडले; न. चिं. केळकरही गेले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात कोणतीही अट न घालता भरतीसाठी फिरत होते. टिळकांनी त्यांना 50,000 रुपयांचा धनादेश पाठवला: हिंदी लोकांना अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून आणा, मग महाराष्ट्रातून 5,000 रंगरूट देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त समजा. गांधीजींनी धनादेश परत केला. सैनिकाची सेवा अटीवर द्यावी की बिनशर्त, या प्रश्नावर दोघांचे जुळले नाही.

महार समाजापुढचा प्रश्न वेगळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली होती. 1917 मध्ये 111 क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये ती मोडण्यात आली. ज्यांना लष्कराचे दारच बंद होते, त्यांच्यासाठी भरती हाच हक्क होता. युद्ध कोणाचे, हा सवाल त्यानंतरचा. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचे प्रयत्न होते.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचे घोषित केले. निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ गेले. भरती मात्र थांबली नाही. कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. आजच्या उल्हासनगरची ‘कॅम्प’ ही ओळख तिच्यापासून आली.

फेब्रुवारी 1946 मध्ये सवालच उलटला. 18 तारखेला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड पुकारले. अन्न, पगार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक ही तात्कालिक कारणे होती, पण आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौज परत बोलावणे याही मागण्या त्यांत होत्या. म्हणजे निर्णयावर बोट ठेवणारे आता खुद्द गणवेशातले होते. मुंबईकरांनी त्यांच्यासाठी अन्न पोहोचवले, गिरणी कामगारांनी संप केला, आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून 23 फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली.