नागपाड्यातील क्षेत्रकार्य आणि नोंदीची भाषा

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य ही वर्गातील अध्यापनाची पुरवणी होय, असा समज रूढ आहे. इतिहास पाहता क्रम उलटा दिसतो. न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग उघडला, तो अनुभवी कार्यकर्त्याच्या हाताखाली उमेदवारी करण्याची जुनी रीत एकटी पुरेनाशी झाली म्हणून. मुंबईतही तेच घडले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांचे नेबरहुड हाऊस नागपाड्यात आधीपासून चालू होते. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले ते त्याच वास्तूत. वस्ती आधी, वर्ग मागाहून.

या शिक्षणाचे मर्म नोंदीत आहे. विद्यार्थ्याने घरी जावे, बोलावे, परत येऊन संभाषण आठवून लिहावे आणि पर्यवेक्षकाने ती नोंद त्याच्यासमवेत वाचावी, अशी ही पद्धती. ‘सल्ला दिला’ असे नोंदीत आले की तो मागितला कोणी, हे विचारले जाते. आणि आपल्या उतावळेपणाची जाणीव विद्यार्थ्यास प्रथम तेथे होते. कोणतेही पाठ्यपुस्तक ती करून देत नाही.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. नागपाड्याच्या चाळी मराठी, हिंदुस्थानी, गुजराती बोलत. ‘घरात अडचण आहे’ असे एखादी बाई म्हणते, तेव्हा पैशाची चणचण, खोलीतील दाटी किंवा स्त्रियांचा मासिक विटाळ, यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. इंग्रजी नोंदीत त्याची ‘डिफिकल्टी’ झाली की पर्यवेक्षकाला दुरुस्त करावयास काही उरतच नाही. निरनिराळ्या प्रांतांच्या विद्यार्थ्यांना एक समाईक भाषा हवी होती, हे खरे; किंमतही मोजावी लागली, हेही खरे. पुढे मराठीत ‘व्यक्तिसहायकार्य’ यांसारखे प्रतिशब्द घडविले गेले. तेही चाळीत कोणाच्या तोंडी नव्हतेच!

१९४४ साली संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९५४ साली ती देवनारला गेली. नागपाड्यात जिन्यावर, नळावर सहज कानी पडणारी बोली तेथून दूर राहिली; ती ऐकण्यासाठी विद्यार्थ्यास आता नेमलेल्या दिवशी गाडी धरावी लागे.