पानात पडेल ते

परवा बाबांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. दरवर्षी या दिवशी घरी पुरणपोळी होते, बाबा दोन खातात, आईची आठवण म्हणून तिसरी अर्धी खातात आणि विषय संपतो. यंदा आमच्या चिरंजीवांनी टूम काढली की आजोबांना 'फाइन डायनिंग'ला न्यायचं. बाबांनी विचारलं, "म्हणजे काय?" चिरंजीव म्हणाले, "निवांत जेवायचं." बाबा म्हणाले, "मग आजवर काय पळत जेवत होतो?" पण नातवापुढे त्यांचं काही चालत नाही.

हॉटेलचं नाव सांगत नाही. कॅम्पाच्याही पलीकडचं आहे, एवढं पुरे. आठची वेळ घेतली होती, टेबल मिळालं पावणेनऊला आणि पहिला पदार्थ आला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बाबांचं रात्रीचं जेवण गेली चाळीस वर्षं साडेसातला होतं. पहिला पदार्थ म्हणजे रुपयाएवढं थालीपीठ, त्यावर एक मश्रूम आणि बाजूला फेसासारखं काहीतरी, जे ताक होतं असं मागाहून कळलं. वाढणारा मुलगा प्रत्येक पदार्थाची इंग्रजीतून पाठ केलेली माहिती सांगायचा आणि आम्ही चौघं प्रवचनाला बसल्यासारखे माना डोलवायचो. पिठलं थंड होतं. भात त्याहून थंड. पाणी तीनदा मागावं लागलं. हे सगळं एकवेळ चाललं असतं, पण पाचव्या पदार्थाच्या वेळी बाबांनी शेवटचा घास घ्यायला हात पुढे केला आणि नेमकी त्याच क्षणी मागून कुणीतरी ताटली उचलून नेली. बाबांचा हात तसाच टेबलावर राहिला. त्यांनी तो सावकाश मांडीवर घेतला.

मी उठलोच होतो. बाबा म्हणाले, "बस. काही बोलायचं नाही."

रात्री झोप येईना. अशा वेळी मी जुनी प्रवासवर्णनं काढून बसतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. हाताला लागला व्हायकाउंट व्हॅलेन्शिया. हा इंग्रज उमराव 1802 ते 1806 अशी चार वर्षं पूर्वेकडे फिरला, बरोबर हेन्री सॉल्ट नावाचा चित्रकार होता, आणि 1809 साली त्याने तीन जाडजूड खंडांत आपला प्रवास छापला. 1804 च्या पावसाळ्याअखेरीस तो पुण्यात होता. दुसऱ्या बाजीरावाने त्याला हिराबागेत मेजवानी दिली. तिचं वर्णन त्याने केलं आहे, आणि मला वाटतं पुण्यातल्या उंची जेवणावर पाहुण्याने लिहून ठेवलेल्या जुन्या टिपणांत ते अगदी वाचण्यासारखं आहे.

आधी काळ कोणता होता ते पाहा. 1802 च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीत यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव पळाला. डिसेंबरच्या 31 तारखेला त्याने वसईचा तह केला आणि 1803 च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेच्या आधाराने परत येऊन गादीवर बसला. मध्यंतरी शहर लुटलं गेलं होतं. पाठोपाठ दख्खनेत 1803-04 चा भीषण दुष्काळ. सप्टेंबरच्या 23 तारखेला तिकडे असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. आणि पुढच्याच वर्षी इकडे पर्वतीच्या पायथ्याशी एका इंग्रज उमरावासाठी केळीची पानं मांडली जात होती. यजमानाच्या खिशात काय उरलं होतं आणि शहराच्या पोटात काय होतं, हे मनात धरूनच ते पान वाचावं लागतं.

खुर्च्या नाहीत, टेबल नाही. जमिनीवर पांढरं कापड, त्यावर प्रत्येकासमोर केळीचं पान. साधा भात, गोड भात, कागदासारखी पातळ गुंडाळलेली पोळी, आणखी काही पक्वान्नं, आणि डाळीचा एक पदार्थ, ज्याला इंग्रजी स्वयंपाकातलं वाटाण्याच्या लगद्याचं नाव त्याने देऊन टाकलं आहे. (वाटली डाळ असावी की पुरण? माझं मत डाळीला. बायकोचं पुरणाला.) पानाच्या एका कडेला ओळीने मांडलेले रंगीबेरंगी जिन्नस पाहून त्याला चित्रकाराची रंगांची पाटी आठवली. ते त्याला मिठाईचे प्रकार वाटले. आपल्यापैकी कुणीही सांगेल की त्यातल्या बऱ्याचशा चटण्या-कोशिंबिरी असणार. दुसऱ्या कडेला सात भाज्या. द्रोणांत खीर आणि तूप. साहेबमंडळी सावध होती, येताना त्यांनी चमचे, सुऱ्या आणि काटे बरोबर आणले होते. मांस अर्थातच नव्हतं. पेशवे पाहुण्यांच्या पंगतीला बसले नाहीत, बसणं शक्यच नव्हतं.

गंमत अशी की या गड्याने तक्रार केलेली नाही. मांसाहारी माणूस, मांडी घालायची सवय नाही, डावंउजवं कळत नाही, यजमान सोबत जेवत नाही, आणि तरी जे चांगलं लागलं त्याला त्याने चांगलं म्हटलं आहे. आजच्या भाषेत त्याने बरे तारे दिले असते.

मला वाटतं, त्याचं कारण त्या पानातच आहे. पान हा एक नकाशा असतो. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभात मधोमध, आधी काय आणि नंतर काय, हे जेवणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला दोघांनाही पाठ असतं. माहिती सांगायला कुणी उभं राहावं लागत नाही. वाढपी पानावरून नजर टाकत जातो आणि रिकामी जागा त्याला दिसते. मागायची वेळ येणं हाच यजमानाचा कमीपणा. आणि पंगतीत एक नियम असा की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. हळू जेवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी तरणी माणसं ताकाचा भुरका लांबवत बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत.

पण थांबा. पंगतीचं गुणगान करता करता आपण मराठीतलाच एक शब्द विसरतो: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब. हा शब्द भाषेत उगाच आलेला नाही. आणि हा प्रपंच ज्यांना पंगतीत घेतलं त्यांच्यापुरताच. ज्यांना पंगतीला बसूच दिलं नाही, त्यांची तर गोष्टच निराळी. हिराबागेतून मान वर केली की पर्वती दिसते. याच पर्वतीवरच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून 1929 च्या ऑक्टोबरात सत्याग्रह करावा लागला होता. देवळाची ही कथा, तर ताटाची काय असणार?

पुण्यात बाहेर खाण्यावरून झालेला सर्वांत गाजलेला गोंधळ जेवणाचा नाहीच, चहाचा आहे. 4 ऑक्टोबर 1890. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, त्यानंतर चहा-बिस्किटं आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरून बाजूला ठेवला. हजर असलेल्या गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) मंडळींची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीसाठी मंडळ बसलं, ग्रामण्य झालं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल खाल्ले. या सगळ्यावर एवढी शाई सांडली, पण तो चहा कसा होता, गरम होता की कोमट, हे काही माझ्या वाचनात आलेलं नाही. तो प्रश्न कुणाला पडलाच नसावा. बाहेरच्या अन्नाला चव असते, ती चांगली किंवा वाईट असू शकते, हे सुचायला आधी ते अन्न निर्धास्तपणे तोंडात जावं लागतं.

ते व्हायला पुढे बराच काळ जावा लागला. मधल्या काळात हॉटेलांच्या पाट्यांवर जातीधर्माचा उल्लेख असायचा आणि गावोगावी काहींसाठी कपबशा वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. 1950 साली लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेला पंधराव्या कलमात दुकानांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरून काय ते समजा. मला तर कधी कधी वाटतं की 'भात थंड आहे' असं म्हणता येणं हा त्या कलमाचा एक छोटासा उपफायदा आहे.

दरम्यान पुणं बाहेर खायला शिकत होतं. इराण्यांनी चहा दिला, गुडलक 1935 चं. टिळक रोडवरची बादशाही 1932 ची, लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस 1935 चं. पुढे जगन्नाथ शेट्टींनी फर्ग्युसन रस्त्यावर आधी कॅफे मद्रास आणि मग 1951 मध्ये मद्रास हेल्थ होम काढलं. आजची रूपाली आणि वैशाली ती हीच. आणि पेठापेठांतून खानावळी. खानावळीतल्या पाट्यांवर आपण विनोद करतो, पण त्या पाट्या लिहिणाऱ्या मालकाने तुम्हाला कधी फसवलं नाही. काय मिळेल, किती मिळेल आणि कधी मिळणार नाही, सगळं भिंतीवर.

बाबा या खानावळीतही उशिरा पोचले. त्याआधी ते वार लावून जेवले. नव्या वाचकांसाठी सांगतो: गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. 1909 साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलं माधुकरी मागून शिकली, तशीच ही दुसरी वाट. पुण्यातली विद्वत्ता अशा ताटांवर बरीच पोसली गेली आहे. बाबा 1957 साली कोकणातून आले आणि दोन वर्षं असे जेवले. हे आम्हाला माहीत होतं, पण एका वाक्यात. वाक्य नेहमी तेच, "पानात पडेल ते खायचं."

परवा रात्री अकरा वाजता मी पुस्तक घेऊन बसलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागला. बाबा फ्रीजमधून ताक काढत होते. सकाळचा भात होता. मी लोणच्याची बरणी काढून दिली आणि समोर बसलो. मग ते बोलले.

गुरुवारचं घर नारायण पेठेत होतं. माणसं वाईट नव्हती, फक्त वार जेवणाऱ्याला भात एकदाच वाढायची तिथली रीत होती. दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही आणि आपण मागायचं नाही. घरचा मुलगा याच वयाचा, समोरच बसायचा, त्याला दुसरा भात यायचा. जेवण झालं की आपलं ताट आपण घासून पालथं घालून निघायचं. "दोन वर्षांत माझं ताट कुणी उचललं नाही रे," बाबा म्हणाले. "आज उचललं, तर त्यात घास होता."

मी म्हटलं, "म्हणून तर मी बोलणार होतो."

"कुणाला बोलणार होतास? त्या पोराला?" बाबांनी मधल्या वेळात त्या मुलाची सगळी चौकशी केली होती, मला पत्ताच नव्हता. नांदेडकडचा, पुण्यात येऊन चार महिने झालेले. दुपारी चारपासून उभा. जेवण रात्री एकनंतर, भटारखाना बंद झाला की. "आपल्याला सात पदार्थांची नावं सांगत होता इंग्रजीतून. त्याने त्यातला एक तरी खाल्लाय का, विचारलं मी. हसला नुसता."

मग त्यांनी बिल किती झालं ते विचारलं. चौदा हजार झालं होतं. मी साडेतीन सांगितलं. "चौघांचं?" म्हणाले आणि ताकभात संपवू लागले. मीही भुरका मारायला एक वाटी ताक घेतलं होतं, ते त्यांचं होईस्तोवर पुरवलं. नंतर त्यांनी ताट घासायला घेतलं, तेव्हा मी ते हातातून काढून घेतलं. त्यांनी थोडी ओढाताण केली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलकडून मोबाइलवर निरोप आला. आपला अनुभव कसा होता, तारे द्या. जेवणाला मी दोन दिले आणि पिठल्याबद्दल सविस्तर लिहिलं, पाऊण तास ताटकळल्याबद्दलही लिहिलं. त्याखाली सेवेचा रकाना होता आणि त्यात वाढणाऱ्याचं नाव विचारलं होतं. बाबा मागे उभे राहून वाचत होते. "नाव लिहू नकोस," म्हणाले. नाव लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तो निरोप अजून तसाच अर्धवट पडून आहे.