सुलतानगंजचा विहार आणि रेल्वेचा इंजिनिअर

विहार म्हटले की मराठी माणसाला कार्ले, अजिंठा, नाशिकची पांडवलेणी आठवतात. कातळात कोरलेली लेणी कोणी उचलून नेऊ शकत नाही. इकडे बिहारमध्ये, गंगेच्या मैदानात, विहार बांधले ते विटांचे. 'बिहार' हे नावही विहारावरूनच पडले. असा विहार ओस पडला की काही शतकांत त्याचा मातीचा ढिगारा होतो आणि त्यातली वीट ज्याला लागेल तो नेतो. असाच एक ढिगारा आम्हा रेल्वेवाल्यांच्या हातून उघडला गेला, त्याची ही हकिगत. मी इतिहासकार नव्हे, डिप्लोमा करून रुळांच्या कामाला लागलेला माणूस. तेव्हा इंजिनिअरच्या नजरेने लिहितो आहे.

जमालपूरहून भागलपूरकडे जाताना सुलतानगंज लागते. गाव जुने, गंगा इथे उत्तरवाहिनी आहे. श्रावणात लाखो कावडवाले इथले पाणी घेऊन देवघरला शंभरेक किलोमीटर चालत जातात. १८६१-६२ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचे काम इथे चालू होते. खडी म्हणून घालायला विटांचे तुकडे हवे होते, म्हणून गावाजवळची जुनी जागा खणायला घेतली. काम पाहणारे इंजिनिअर होते ई. बी. हॅरिस.

जमिनीखाली दहा फुटांवर तांब्याचे एक पाऊल लागले. पुढे निघाली ती अभय मुद्रेतली बुद्धाची उभी मूर्ती, सुमारे २.३ मीटर उंच आणि ५०० किलोहून अधिक वजनाची. इ. स. ५०० ते ७०० या काळातली ही मूर्ती. त्या काळच्या एवढ्या मोठ्या धातूच्या बुद्धमूर्ती जवळजवळ सगळ्या वितळल्या गेल्या, ही वाचली.

मला महत्त्वाचे वाटते ते हॅरिसनी पुढे केलेले काम. त्यांनी नुसती मूर्ती बाहेर काढली नाही. ती किती खोल होती, कोणत्या फरशीखाली होती, दगडी चौथरा कुठे सापडला, हे सगळे टिपले, फोटो काढला आणि लिहून छापले. चौथरा एकीकडे आणि मूर्ती दुसरीकडे, फरशीखाली. त्यावरून त्यांनी तर्क केला, की मूर्ती चौथऱ्यावरून निघाल्यावर कोणीतरी ती मुद्दाम लपवून ठेवली. मोजमाप नसते तर हा तर्क करताच आला नसता. १८६४ मध्ये राजेंद्रलाल मित्र यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अवशेषांवर लेख लिहिला. नंतर कनिंगहॅम यांना इथल्या एका स्तूपात दुसऱ्या चंद्रगुप्ताचे आणि पश्चिम क्षत्रपांचे नाणे मिळाले.

मूर्ती मात्र परदेशी गेली. बर्मिंगहॅमचे माजी महापौर आणि कारखानदार सॅम्युअल थॉर्नटन यांनी वाहतुकीचे २०० पौंड भरले. आजही ती तिथल्या संग्रहालयाच्या मालकीची आहे.

आणि विहार? खोदाई मुळात विटांसाठीच होती. त्याच सुमारास लाहोर-मुलतान लाइनवर सुमारे १०० मैल हडप्पाच्या विटा पडल्या. उलट याच लूप लाइनवर कहलगावजवळ अंतीचकला विक्रमशिला विद्यापीठाची जागा पाहा. १९६० ते ६९ पाटणा विद्यापीठाने आणि १९७२ ते ८२ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती थराथराने खणली. मधोमध स्तूप, भोवती चौकोनी विहार, चारही बाजूंना मिळून २०८ खोल्या, असा सगळा आराखडा हाती आला. सुलतानगंजचा असा पूर्ण आराखडा नाही. मूर्ती राहिली, घर गेले.

 १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेल्या मौल्यवान जुन्या वस्तूची खबर कलेक्टरला देणे बंधनकारक झाले. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीची अट आली. पण बिहारमधले बहुतेक ढिगारे कोणत्याच यादीत नाहीत. तिथे पहिला निर्णय साइटवरच्या माणसाचा असतो. तेव्हा मजूर कुदळीने खणत, आता जेसीबी पाच मिनिटांत भिंत साफ करते.

म्हणून माझ्या सहकारी बंधूंना एवढीच विनंती. कटिंगमध्ये रुंद, जुन्या विटांची रांग दिसली तर मशीन थांबवा. शेजारी टेप ठेवून फोटो घ्या, किलोमीटर आणि खोली डायरीत लिहा, वस्तू जागेवरून हलवू नका आणि वरिष्ठांना व कलेक्टर कचेरीला कळवा. काम एक-दोन दिवस मागे पडेल. पण एकदा उकरलेली भिंत पुन्हा जागेवर बसवता येत नाही.