मतलई, भरती आणि दिवसाची मजल

कोकणात शिडाच्या गलबताची दिवसाची मजल मैलांवर ठरत नसे. वारा आणि भरती ती ठरवत. मुंबई ते पणजी हे अंतर सुमारे 200 सागरी मैल. किनारा जवळजवळ सरळ दक्षिणेला जातो आणि बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मैलांत एखादी खाडी आसऱ्याला मिळते. दाभोळ ते जयगड आणि जयगड ते रत्नागिरी हे टप्पे 17-18 मैलांचे, तर विजयदुर्ग ते देवगड जेमतेम 11. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेतही चौल आणि त्याच्या दक्षिणेची बंदरे अशीच ओळीने येतात.

पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळे आणि हिवाळ्यात वाऱ्याला रोजची शिस्त येई. रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई वारा सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. दक्षिणेला निघालेल्या गलबताला हे दोन्ही वारे सोयीचे. परतताना मात्र दुपारचा वारा तोंडावर येई. म्हणून तांडेल पहाटेच्या अंधारात नांगर उचलून मतलईवर जमेल तेवढे अंतर कापत, वारा फिरला की जवळची खाडी गाठत. तोच टप्पा जाताना एका दिवसाचा, येताना दोन दिवसांचा होई. बायकामुलांसह शिमग्याला गावी निघालेल्या कुटुंबाला म्हणूनच शिधा हिशेबापेक्षा जास्त बांधून घ्यावा लागे.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असला, तर भरलेले गलबत भरतीलाच आत शिरे. भरतीची वेळ पंचांगावरून निघे: तिथीची पाऊणपट केली की तास मिळतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले. सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळ नसलेल्या माणसाला तोंडी करता येणारा हा हिशेब मोठ्या अनुभवातून आलेला आहे. मालवणसारख्या खडकाळ बंदरात मात्र एवढ्याने भागत नसे. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांतली वाट दिसायला उजेडच हवा. तिथला टप्पा सूर्य मावळण्याआधी संपेल असाच आखावा लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींनी उतारू नेले आणि प्रवास वेळापत्रकावर आला. तरी अनेक बंदरांत बोट बाहेरच उभी राही आणि उतारूंना किनाऱ्यावर आणायला मचवे लागत.