आईचे हात आणि मुलाची बोली

कामाच्या तासांचा हिशेब मजुरीशी जुळवून दाखविणे हा आमचा रोजचा व्यवसाय. त्याच तासांचा तान्ह्या मुलाच्या बोलण्याशी कोणता संबंध पोचतो, एवढेच आज मांडावयाचे आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861-65) खानदेशच्या कापसाला मोल आले, जळगावची पेठ वाढली आणि पुढे वाफेवरची जिने उभी राहिली. जिनांवर बहुतेक बायाच. मुंबई सरकारने 1884 साली नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांची साक्ष झाली. मार्च-एप्रिलच्या हंगामात तीच माणसे रात्रंदिवस, सुमारे आठ-आठ दिवस राबत, असे तीत आले. 1891 च्या कायद्याने बाईचा दिवस 11 तासांवर आणला. तरीही 11 तास म्हणजे तान्ह्याच्या जागेपणाचा बहुतेक सारा वेळ!

त्या वेळात मुलाचे काय बुडते? माणूस स्वस्थ बसला असता मेंदूत विजेची एक लय चालते. हात हलविताच ती मंदावते. 1954 साली फ्रान्समधील गास्तो व बेर यांना आढळले की, दुसऱ्याची हालचाल पडद्यावर नुसती पाहिली तरीही ती मंदावते. नऊ-दहा महिन्यांच्या मुलांतही, कोणी वस्तू उचलताना पाहिले की, असाच फरक पुढे दिसला. म्हणजे पाळण्यातून आईचे हात न्याहाळणारे मूल रिकामे बसलेले नसते. वर्षाच्या आतबाहेर ते बोट दाखवू लागते. बोट दाखविले की आई नाव सांगते. नावातून शब्द येतो. मेंदूतल्या त्या लयीचा भाषेशी नेमका धागा कोणता, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु बोट आधी आणि शब्द मागून, हा क्रम आपल्या प्रत्येक आजीस ठाऊक आहे.

जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीशी मूल असे. दळणारा हात आणि अहिराणी ओवी त्याला एकदमच मिळत. जिनाने दोन्ही नेली.

1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 मध्ये ती संख्या तीसवर आली. हा मोठाच विजय होता. पण पाळणाघर म्हणजे केवळ छप्पर, पाळणे आणि दूध नव्हे. पोराच्या डोळ्यांसमोर काम करीत त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलणारी बाई तेथे हवी. मागणीपत्रात पाळण्यांच्या आकड्याखाली तिचेही कलम घाला, एवढेच आमचे सांगणे.