गवतातल्या छत्र्या आणि पऱ्यांची कडी

पावसाचे चार दिवस झाले आणि मध्येच ऊन पडले, की शाळेच्या हिरवळीवर किंवा घरापुढच्या गवतात एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. मुले त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात. शिपाईमामा त्या उपटून टाकतात. दोन दिवसांनी त्या पुन्हा हजर! मग कोणीतरी विचारते, "यावर कुठले औषध मारावे?" उत्तर देण्यापूर्वी नीट पाहिले, तर कधीकधी एक गंमत दिसते. छत्र्या विखुरलेल्या नसून एका गोलावर उभ्या असतात. हा गोल कसा होतो, हे उमगायला युरोपात शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्या औषधाच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात आहे.

इंग्लंडच्या कुरणांतील असे गोल लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. रात्री पऱ्या फेर धरून नाचतात आणि त्यांच्या पावलांनी गवतावर कडे उमटते, असा समज होता. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकातही या कड्यांचा उल्लेख आहे. इंग्रजीत त्यांना आजही 'फेअरी रिंग' म्हणतात.

पऱ्यांवर विश्वास न ठेवता यामागील कारण शोधणाऱ्यांत रॉबर्ट प्लॉट हे नाव महत्त्वाचे आहे. प्लॉट ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे पहिले प्रमुख होते. १६८६ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅफर्डशायरच्या निसर्गवर्णनात त्यांनी मत मांडले, की ही कडी वीज पडल्याने होतात. विशेष म्हणजे त्यांनी कड्याखालची माती खणून पाहिली होती. ती कोरडी व भुसभुशीत होती, तिला कुबट वास येत होता आणि तिच्यात पावावरच्या बुरशीसारखे पांढरे काहीतरी पसरलेले होते. म्हणजे खरे कारण प्लॉट यांच्या डोळ्यांसमोर होते! पण विजेची कल्पना मनात पक्की असल्याने ती बुरशी त्यांना विजेचा परिणाम वाटली.

तेच पांढरे जाळे शतकभराने विल्यम विदरिंग यांनी पाहिले. डिजिटॅलिस या वनस्पतीचा औषधी उपयोग १७८५ मध्ये जगापुढे मांडणारे हे डॉक्टर वनस्पतींचेही जाणकार होते. ब्रिटिश वनस्पतींवरील आपल्या ग्रंथाच्या १७९२ च्या सुमाराच्या आवृत्तीत त्यांनी लिहिले, की कड्याचे कारण वीज नसून ही बुरशीच आहे. निरीक्षण तेच, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली.

तरीही 'गोलच का?' हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे शोधक विल्यम वोलास्टन यांनी १८०७ साली दिले. बुरशी एका बिंदूपासून सुरू होते. तिथल्या मातीतील तिचे अन्न संपते, म्हणून ती बाहेरच्या ताज्या मातीकडे सरकते. सर्व दिशांना वेग सारखाच असल्याने तिची कड वर्तुळाकार होते. याला पुरावा काय? दोन कडी वाढत वाढत एकमेकांना भिडली, तर ती एकमेकांना ओलांडत नाहीत. जिथे भिडतात तिथेच ती नाहीशी होतात, कारण पलीकडची माती दुसऱ्या कड्याने आधीच वापरून टाकलेली असते.

रोथॅमस्टेड येथील लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांनी १८८३ मध्ये मातीचे पृथक्करण केले. कड्याच्या आतील मातीत नायट्रोजन बाहेरच्यापेक्षा कमी भरला. बुरशी सेंद्रिय पदार्थ कुजवते आणि त्यातील नायट्रोजन गवताला मिळतो. म्हणून कड्यालगत गवत गडद हिरवे दिसते. गोष्ट इथेही संपली नाही. जपानमधील शिझुओका विद्यापीठाच्या कावागिशी यांच्या गटाने २०१० मध्ये अशा बुरशीपासून गवताची वाढ उत्तेजित करणारे एक संयुग वेगळे केले. म्हणजे नायट्रोजन हे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते.

आता औषधाचा प्रश्न. वर दिसणारी छत्री म्हणजे झाडाच्या फळासारखी. बुरशीचे खरे शरीर म्हणजे मातीतले तंतूंचे जाळे. फळ तोडून झाड मरत नाही, तसेच छत्र्या उपटून बुरशी जात नाही. फवारलेले औषधही फारसे उपयोगी पडत नाही, कारण दाट जाळ्यामुळे माती पाणीच शोषत नाही. प्लॉट यांना आढळलेली कोरडी माती ती हीच! जमिनीत जुना बुंधा किंवा लाकूड पुरलेले असेल, तर ते काढावे. गवत वाळत असेल, तर पहारीने भोके पाडून भरपूर पाणी जिरवावे. बाकी बुरशी कुजवण्याचे उपयुक्त काम करते आहे, तिला करू द्यावे.

मात्र लहान मुले खेळतात तिथल्या छत्र्या दिसताच काढाव्यात. हिरवळीवर कडी करणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही जात दिसायला खाण्याच्या अळंबीसारखी, पांढरी असते. पण खाल्ल्यास जोराच्या उलट्या व जुलाब होतात. पक्व छत्रीचा दांडा कापून ती पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली, तर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटतो. हा प्रयोग शिक्षकांनी करून दाखवावा आणि नंतर सर्वांनी हात धुवावेत. ठसा हिरवा नसला, म्हणजे छत्री खाण्याजोगी, असा अर्थ मुलांनी काढू नये, हेही स्पष्ट सांगावे. विषारी अळंबीने चांदी काळी पडते, हाही समज खोटा आहे.

मैदानावर कडे सापडलेच, तर त्याच्या कडेवर खुंट्या ठोकून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात ते किती सरकले ते मोजा. समजा, कडे वर्षाला २० सेंटिमीटर सरकले आणि त्रिज्या ६ मीटर आहे, तर वय सुमारे ३० वर्षे. कदाचित ते कडे वर्गातल्या सर्व मुलांपेक्षा वयाने मोठे निघेल.